‘वर्कअराउंड’ला मराठीत काय म्हणायचं?

खाडीकाठ: रत्नागिरीतल्या आमच्या कचेरीच्या आयटी विभागाची कार्यपद्धती मराठीत आणतोय. ‘रूट कॉज’ला मूळ कारण, इथवर सुरळीत. ‘वर्कअराउंड’पाशी, म्हणजे मूळ दोष न काढता काम चालवण्याच्या उपायापाशी, गाडं अडलं. ‘पळवाट’ लिहिलं तर साहेब म्हणाले, आपण काय चोऱ्या करतो? ‘जुगाड’ लिहायला हात धजावत नाही.

शुद्धमती: ‘पर्यायी उपाय’ लिहा. जुगाड हिंदी. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची मोहीम तिथूनच चालवली. त्याच गावात बसून जुगाड?

टोनरवाला: कुडाळात पावसाळ्यात संगणक सुरूच होत नाही, नुसता बीप देतो. नियम म्हणतो, तिकीट (बिघाडाची तक्रार) नोंदवा, सुटा भाग मागवा. तो येईस्तोवर खातेदार खिडकीशी उभे. दमट खारी हवा, रॅमच्या पट्ट्या डागाळलेल्या. काढायची, खोडरबराने घासायची, बसवायची. आम्ही याला ‘भागवलं’ म्हणतो.

सर्व्हररूम: खोडरबराने पट्टीवरचा सोन्याचा मुलामाही झिजतो. तो मायक्रॉनभरसुद्धा जाड नसतो. तो गेला की पुढच्या पावसात पट्टी आणखी लवकर खराब. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा असं लिहून ठेवतात ते उगाच नाही. बरं, शब्दाकडे. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने आयटिल, म्हणजे आयटीचं काम कसं चालवावं याची मार्गदर्शिका, तयार केली, त्यात वर्कअराउंडचा अर्थ ठरलेला आहे. मूळ दुखणं तसंच राहतं, त्रास तेवढा कमी होतो. आणि तो लिहून ठेवायचा असतो, म्हणजे पुढच्या पोराला पहिल्यापासून डोकं खाजवावं लागत नाही. भागवलं आणि कुणाला सांगितलंच नाही, तर तो जुगाड. माझं मत ‘तात्पुरती तजवीज’.

टोनरवाला: लिहायला वेळ कोण देतो? तरी तजवीज बरा आहे.

शुद्धमती: तजवीज अरबी!

टोनरवाला: अर्ज आणि रजाही अरबीच. रजेचा अर्ज कसा टाकता?

माडबन: तोडगा का नको? पेपरात रोज असतो.

आंबोळी: अहो, आमच्या मालवणाकडे तोडगा घाडी, म्हणजे भुताखेतांवर उपाय करणारा, देतो. सर्व्हरवरून लिंबू उतरवायचं काय? ‘तिकीट’ला मात्र ‘गाऱ्हाणं’ चपखल. एकजण घालतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’.

शुद्धमती: गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. संस्कृत ‘गर्हणा’, निंदा.

आंबोळी: ते तुमचं घाटावरचं, ‘सांगायचं’ गाऱ्हाणं. इथे देवाला ‘घालतात’, त्यात मागणं असतं. निंदा करून कुठला देव पावलाय?

खाडीकाठ: मंडळी, मसुदा सोमवारी द्यायचाय.

माडबन: पण ‘गाऱ्हाणं घालणे’ गोव्यातही चालतं ना? तिथे ‘गाराणें’ ऐकलंय.

आंबोळी: चालतं तर! पेडण्याला मामाकडे ऐकलंय. पण तिथली चाल वेगळी.