झेरॉक्सच्या पलीकडे

'बँकेतली इंटर्नशिप म्हणजे झेरॉक्स आणि फायली लावणं' असं म्हटलं जातं, ते शहरातल्या शाखांपुरतं पटतं. मी इंटर्न म्हणून मे-जूनमध्ये तालुक्याच्या गावच्या शाखेत होतो, ऐन पीककर्जाच्या हंगामात. सातबारा, आठ-अ हे जमिनीचे उतारे तपासायचे, सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात दुसऱ्या बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) आहे का पाहायचं, हे तिथेच शिकलो.

'नवं-जुनं', म्हणजे जुनं पीककर्ज फेडून लगेच नवं घेणं, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज 7 टक्के, वेळेत फेडलं तर 3 टक्के सवलत. ती जाऊ नये म्हणून शेतकरी चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलतो, खातं भरतो, नवं कर्ज मिळालं की सावकाराला परत देतो. कागदावर वसुली चोख दिसते! फायनान्सच्या विद्यार्थ्यांनी हे काउंटरवर बसून पाहायलाच हवं.