मदत हवी आहे: अमेरिकेतून स्कॉटलंडमध्ये पदवीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या मुलीचा सशर्त प्रवेश

सर्व जाणकारांना नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी यंदा बारावीत आहे आणि तिला पुढे इतिहास हाच विषय घ्यायचा आहे. तिने यूकॅस या ब्रिटनच्या सामाईक प्रवेशअर्ज यंत्रणेमार्फत तिथल्या विद्यापीठांकडे अर्ज केला होता आणि सेंट अँड्र्यूज व एडिनबरा या दोन ठिकाणांहून तिला सशर्त प्रवेश मिळाला आहे. इकडे रटगर्स या आमच्या राज्याच्या विद्यापीठातही प्रवेश झाला असून तिथे राज्यातल्या रहिवाशांचे शुल्क लागू होईल. तिचे मन सेंट अँड्र्यूजवर बसले आहे.

तिचा ओढा वरवरचा नाही याची मला खात्री पटली आहे. अमेरिकेतल्या अर्जांसाठी तिला स्वतःविषयी, घराविषयी, शाळेतल्या उपक्रमांविषयी निबंध लिहावे लागले. यूकॅसच्या अर्जात मात्र २०२६ च्या प्रवेशांपासून तीन ठरावीक प्रश्न असतात, तिन्हींची उत्तरे मिळून ४,००० अक्षरांत बसवायची असतात आणि तेच निवेदन पाचही विद्यापीठांकडे जाते. तिने अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील कापसावर लिहिले. दक्षिणेतला कापूस बंद झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथल्या पेढ्या व कंपन्या कशा कोसळल्या, हे तिने आजोबांकडून अर्धेमुर्धे ऐकले होते आणि नंतर ग्रंथालयात बसून नीट वाचून काढले. जिला अठराव्या वर्षी एखादा विषय इतका जवळचा वाटतो, तिला तो पहिल्या वर्षापासून शिकायला मिळावा असे मला मनापासून वाटते. म्हणूनच केवळ खर्चाचा आकडा पाहून तिला नकार द्यायची माझी तयारी नाही. मात्र पुढील काही गोष्टी मला स्पष्ट समजून घ्यायच्या आहेत.

सर्वांत मोठी अडचण तारखांची आहे. सेंट अँड्र्यूजची अट एपी (शाळेतच दिल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या) परीक्षांच्या गुणांवर आहे आणि त्या परीक्षा मे महिन्यात होऊन निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. यूकॅसवर 'फर्म' (पहिली) आणि 'इन्शुरन्स' (पहिली हुकल्यास राखीव) अशा दोन पसंती साधारण जूनच्या सुरुवातीला कळवायच्या आहेत. अमेरिकेतल्या महाविद्यालयांना मात्र १ मेपर्यंत अनामत भरून होकार द्यावा लागतो. म्हणजे इथला निर्णय एपीची परीक्षा देण्याआधी घ्यायचा आणि तिथला प्रवेश पक्का झाला की नाही हे दोन महिन्यांनी कळणार. अशा वेळी इथे अनामत भरून ठेवणे आणि तिथली पसंतीही कायम ठेवणे योग्य आहे का? इथली जागा आपण अडवून ठेवली आणि दुसऱ्या एखाद्या मुलाचे नुकसान झाले, असे होऊ नये याची मला काळजी वाटते.

दुसरा प्रश्न माझ्या यजमानांचा आहे. मुलगी पुढे अमेरिकेत कायद्याच्या शिक्षणाकडे वळण्याची शक्यता आहे. ब्रिटनमधील पदवीला जीपीए (सरासरी गुणांक) नसतो, तर श्रेणी असते. तिथले गुण इथल्या लॉ स्कूलला कसे दिसतील?

तिसरा प्रश्न पैशांचा. आमच्याकडे तिच्या नावाने ५२९ खाते (शिक्षणासाठीचे करसवलतीचे बचत खाते) आहे, पण ते चारही वर्षे पुरणार नाही, त्यामुळे काही कर्ज घ्यावे लागेल. परदेशी विद्यापीठासाठी ५२९ खात्यातले पैसे आणि अमेरिकन सरकारचे विद्यार्थी कर्ज वापरता येते का, आणि व्हिसाच्या वेळी एकदम किती रक्कम हाताशी ठेवावी लागते, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

आपल्यापैकी कोणाची मुले या मार्गाने गेली असतील तर कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

ताई, माझा मुलगा मॅसॅच्युसेट्समधून एडिनबराला गेला आणि तिथूनच इतिहास व राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाला. तुमच्या प्रश्नांची उत्तरे जमेल तेवढी देतो.

तारखांबद्दल निश्चिंत राहा. जोपर्यंत प्रवेश सशर्त आहे तोपर्यंत तो अंतिम नाही, त्यामुळे इथे एकाच महाविद्यालयात अनामत भरून ठेवण्यात काही गैर नाही. ती अनामत परत मिळत नाही असेच धरून चाला. एपीचा निकाल लागून सेंट अँड्र्यूजने प्रवेश पक्का केला की त्याच आठवड्यात इथल्या प्रवेश कार्यालयाला लेखी कळवा. प्रतीक्षायादीवरच्या मुलाला ती जागा वेळेत मिळावी एवढे आपल्या हातात असते आणि ते कटाक्षाने करावे. एपीचे गुण ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून अधिकृतरीत्या पाठवायला विसरू नका. विद्यार्थ्याने स्वतः कळवलेले गुण शेवटी चालत नाहीत. आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. 'इन्शुरन्स' म्हणून ठेवलेल्या विद्यापीठाची अट 'फर्म'पेक्षा सैल असावी. एडिनबराने तिला तेवढेच किंवा जास्त गुण मागितले असतील तर ती दुसरी पसंती असूनही आधार म्हणून निरुपयोगी ठरेल. दोन्ही प्रवेशपत्रे शेजारी ठेवून विषयवार अटी वाचा.

आता अभ्यासाबद्दल, कारण मुलांना खरी अडचण इथेच येते. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची, आणि सेंट अँड्र्यूज व एडिनबरा इथे कला शाखेच्या पहिल्या पदवीलाच एमए ऑनर्स म्हणतात. पहिल्या दोन वर्षांत इतिहासाबरोबर आणखी एक-दोन विषय घेता येतात, त्यामुळे अमेरिकेतून गेलेल्या मुलांना हा आराखडा इंग्लंडपेक्षा मानवतो. पदवीची श्रेणी मुख्यतः शेवटच्या दोन वर्षांवर ठरते. आठवड्यातली व्याख्याने मोजकीच असतात. वाचनाची यादी लांबलचक असते आणि बारीकसारीक गृहपाठाचे गुण साठवत जाण्याची सोय नसते. एक-दोन निबंध आणि सत्रअखेरची परीक्षा, एवढ्यावर निकाल लागतो. माझ्या मुलाचा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर ६८ गुण होते. त्याने रात्री फोन केला, तेव्हा त्याचा आवाज पार उतरला होता, कारण इथल्या शाळेत त्याने ९० च्या खाली काही पाहिलेच नव्हते. समासात शिक्षिकेने लिहिले होते की मांडणी उत्तम आहे, आता मूळ साधने अधिक वापरावीत. तिथे ७० पासून पहिला वर्ग सुरू होतो आणि ६० ते ६९ म्हणजे वरचा दुसरा वर्ग. ६८ हे चांगले गुण आहेत हे पटायला त्याला पुढचे सगळे सत्र लागले. सेंट अँड्र्यूजची पद्धत तर आणखी वेगळी आहे. तिथे २० पैकी गुण देतात आणि १६.५ च्या पुढे पहिला वर्ग धरतात. मुलीला हे जाण्याआधीच समजावून सांगा. पहिल्या डिसेंबरपर्यंत कितीतरी मुले केवळ या आकड्यांमुळे खचतात आणि पालकांना त्याची कल्पनाही नसते.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर याच धाग्यात येते. पूर्ण पदवी परदेशी विद्यापीठाची असेल तर लॉ स्कूलच्या अर्जांचे काम पाहणारी एलसॅक ही संस्था तिचे जीपीएत रूपांतर करत नाही. गुणपत्रिकेचे मूल्यमापन करून एकूण कामगिरीचा शेरा देते. त्यामुळे एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे यांचे वजन वाढते. कायद्याची वाट बंद होत नाही. वैद्यकीय शिक्षणाची मात्र बरीच अडते, कारण अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये मूलभूत विज्ञान विषय अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले असावेत असा आग्रह धरतात. मुलीचा विचार त्या दिशेने बदलण्याची थोडीशीही शक्यता असेल तर आत्ताच बोला.

पैशांचे सांगतो. अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी कर्ज योजनेत जी परदेशी विद्यापीठे सामील आहेत त्यांच्यासाठी ५२९ खाते आणि कर्ज दोन्ही वापरता येतात. तुम्ही म्हणता ती दोन्ही विद्यापीठे योजनेत आहेत. गरजू विद्यार्थ्यांसाठीचे सरकारी पेल अनुदान मात्र परदेशात मिळत नाही. फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज इथल्यासारखाच भरायचा. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतच कर्ज मिळते, ते स्कॉटलंडमधल्या शुल्कापुढे फारच अपुरे आहे. उरलेल्या रकमेसाठी आम्ही पालकांच्या नावावरचे सरकारी प्लस कर्ज काढले होते. पण आमच्या वेळची मोकळीक आता राहिलेली नाही. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २०,००० डॉलर आणि एकूण ६५,००० डॉलर एवढीच मर्यादा आहे. चार वर्षांचा हिशेब या मर्यादेत बसतो का, हे होकार देण्याआधी कागदावर मांडून पाहा. ५२९ खात्यातून विमानाचे तिकीट काढता येत नाही, आणि ज्या वर्षी पैसे काढाल त्याच वर्षीचा खर्च दाखवावा लागतो, म्हणून पावत्या जपून ठेवा. शुल्क पाऊंडांत असल्याने विनिमय दर थोडा हलला तरी मोठा फरक पडतो. शुल्क चारही वर्षे स्थिर राहणार की दरवर्षी वाढणार, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

व्हिसाच्या अर्जात सगळ्यात मोठी एकरकमी रक्कम आरोग्य अधिभाराची असते. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पाऊंड आहे आणि संपूर्ण मुक्कामाचा आगाऊ घेतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि मागचे-पुढचे महिने धरून साडेतीन हजार पाऊंडांच्या आसपास जातो. त्या बदल्यात एनएचएस या सरकारी आरोग्ययंत्रणेची सेवा मिळते आणि स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांनाही पैसे पडत नाहीत. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला सांगा. आजारी पडल्यावर नोंदणी करायला गेलेल्या मुलांचे हाल होतात. राहण्याखाण्यासाठी लंडनबाहेर महिना १,१७१ पाऊंड या दराने नऊ महिन्यांची रक्कम आपल्याकडे असणे अपेक्षित आहे. अमेरिकन पारपत्रधारकांना खात्याचे उतारे अर्जासोबत जोडावे लागत नाहीत, पण मागितले तर द्यावे लागतात, म्हणून कागद तयार ठेवा. प्रवेश बिनशर्त झाल्यावर विद्यापीठ कॅस क्रमांक (प्रवेशाची पुष्टी करणारा) देते आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते, त्यामुळे जुलै-ऑगस्ट हा काळ फार धावपळीचा जातो. त्या दिवसांत भारतवारी ठरवू नका.

दुसरा प्रतिसाद

मी ओंटारियोत असते आणि माझी भाची सध्या सेंट अँड्र्यूजला आहे. वरच्या प्रतिसादात बहुतेक सर्व आले आहे. घराविषयी लिहिते, कारण पालकांचे त्याकडे दुर्लक्ष होते.

पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळते, पण त्यासाठी ठरावीक तारखेच्या आत अर्ज करावा लागतो. प्रवेश सशर्त असतानाही तो करता येतो का हे आजच विचारा. दुसऱ्या वर्षाचा प्रश्न अधिक बिकट आहे. गाव लहान आहे. स्कॉटलंडमध्ये नात्यात नसलेली तीन किंवा अधिक माणसे एका घरात राहणार असतील तर मालकाला त्यासाठी खास परवाना घ्यावा लागतो आणि अशी घरे कमी पडतात. काही विद्यार्थी डंडीत राहून बसने ये-जा करतात. पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यातच मुले पुढच्या वर्षाचे सोबती आणि घर शोधू लागतात. घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतो, आणि आपल्यासारख्यांचे तिथे कोणी नसते. काही विद्यापीठे स्वतः जामीन राहतात, काही जामीन देणाऱ्या खासगी कंपन्यांकडे पाठवतात. याची चौकशी आधी करा. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि करारासाठी दलालाने वेगळे पैसे मागितले तर ते स्कॉटलंडच्या कायद्यात बसत नाही, हेही मुलीला माहीत असू द्या.

एक गोष्ट मनाला बरे वाटावे म्हणून सांगते. तिथे वरच्या वर्गातले विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलांना दत्तक घेतात, म्हणजे त्यांचे विद्यापीठातले आईबाबा होतात. भाचीला ताप आला तेव्हा सूप घेऊन आलेली मुलगी तिची अशीच 'आई' होती, मूळची टेक्सासची.

भारतीय पारपत्र असलेली मुले अमेरिकेतून किंवा कॅनडातून अर्ज करतात तेव्हा त्यांना ती कागदपत्रांची सवलत नसते. खात्यात पूर्ण रक्कम सलग २८ दिवस असल्याचा पुरावा जोडावाच लागतो. हे इतर वाचकांसाठी लिहिले.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी आम्ही तिघांनी दोन्ही प्रवेशपत्रे समोर ठेवून वाचली. एडिनबराची अट एका विषयात सेंट अँड्र्यूजइतकीच कडक निघाली, त्यामुळे तिला 'इन्शुरन्स' ठेवायचे की नाही याचा पुन्हा विचार करणार आहोत. रटगर्सची अनामत या आठवड्यात भरतो आणि सेंट अँड्र्यूजला शुल्कवाढ, वसतिगृहाचा अर्ज व जामीनदार या तीन बाबींवर एकच सविस्तर पत्र मुलगी स्वतः लिहिणार आहे.

कर्जाची नवी मर्यादा लागू झाल्यानंतर या वर्षी कोणी प्लस कर्ज घेणार असतील, तर विद्यापीठाकडून कागदपत्रांना किती दिवस लागत आहेत तेवढे कृपया कळवावे. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याच्या तारखेपर्यंत कर्जाची रक्कम पोहोचेल की तोवर आम्हाला स्वतःच्या खिशातून भरावे लागेल, हे त्यावरच ठरवायचे आहे.