मदत हवी आहे: टेस्टमध्ये घड्याळ ३१ जानेवारीवर नेलं, पण मध्यरात्रच होत नाही

नमस्कार मंडळी,

आमची मासिक वर्गणीचं नूतनीकरण करणारी सर्व्हिस आहे. पायथॉनचा कोड, पोस्टग्रेस डेटाबेस आणि गो भाषेत लिहिलेला छोटा शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम), तिन्ही लिनक्स कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर वेगवेगळ्या कप्प्यांत). ३१ जानेवारीला सुरू झालेल्या वर्गणीची पुढची तारीख २९ फेब्रुवारी २०२४ लागली, ते बरोबरच. पण त्यानंतर ३१ मार्चऐवजी २९ मार्च लागली! मूळ तारीख सोडून आदल्या तारखेत महिना मिळवला जात होता. चूक सापडली, दुरुस्तही केली. ती पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून हे तीन महिने एकाच टेस्टमध्ये चालवून बघायचे आहेत आणि तिथेच दोन दिवस अडकलोय.

फ्रीझगन या खोटी वेळ दाखवणाऱ्या लायब्ररीने पायथॉनपुरतं भागलं, पण पोस्टग्रेसचं नाऊ() हे वेळ सांगणारं फंक्शन खरी तारीखच देत राहिलं. मग तिन्हीकडे लिबफेकटाइम (प्रोग्रामला खोटी वेळ दाखवणारं साधन) लावून '२०२४-०१-३१ २३:५९:५०' ही वेळ दिली. तारीख बरोबर दिसते, पण मध्यरात्र होतच नाही, आणि टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत) न संपल्यामुळे टेस्ट लटकते. गोच्या शेड्युलरला तर काही फरकच पडत नाही. होस्टचं घड्याळ मागे नेलं तेव्हा टीएलएस (सुरक्षित जोडणीची) प्रमाणपत्रं नाकारली गेली आणि त्या मशीनवरचे बाकीचे कंटेनरही मागे गेले. तो मार्ग नकोच.

काय चुकतंय?

प्रतिसाद १:
तारखेच्या आधी @ लावा. नुसती तारीख दिली की घड्याळ त्या क्षणावर गोठतं, @ लावलं की तिथून पुढे चालतं. शिवाय मोनोटॉनिक घड्याळ (तारीख न पाहता फक्त गेलेला वेळ मोजणारं) खोटं न करण्याचा पर्याय चालू करा. टाइमआउट त्यावरच मोजले जातात, तारखेशी त्यांचा संबंध नाही. गोचं कारण वेगळं आहे. लिबफेकटाइम सी लायब्ररीची फंक्शनं मध्येच अडवतं, आणि गोचा प्रोग्राम वेळ विचारायला त्या लायब्ररीकडे जातच नाही.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे, पण माझ्या मते वर्गणीच्या हिशेबाला ही हातचलाखी लागूच नये. 'आत्ता किती वाजले' हे फंक्शनला बाहेरून द्या. जावात आठव्या आवृत्तीपासून त्यासाठी क्लॉक हा वर्गच आहे. पायथॉन आणि गोमध्ये दहा-बारा ओळींत होतं. एसक्यूएलमध्येही (डेटाबेसला विचारायच्या भाषेत) नाऊ()ऐवजी पॅरामीटर पाठवा. नाऊ() ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा डेटाबेसच्या कामांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे अख्खी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर घड्याळ कितीही पुढे न्या, ते हलणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
@ लावल्यावर मध्यरात्र झाली, मनापासून आभार! आमची टेस्ट खरंच एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेली आहे, ते लक्षातच आलं नव्हतं. आता नाऊ() काढून पॅरामीटर देतोय. एकच विचारतो: शेड्युलर पुढच्या नूतनीकरणापर्यंत झोपून राहतो. खोटं घड्याळ महिनाभर पुढे नेल्यावर त्याला जागं कसं करायचं?

प्रतिसाद २:
झोपण्याचं कामही त्याच घड्याळाकडे सोपवा. शेड्युलरने 'अमुक वेळेला उठव' अशी नोंद करायची; टेस्टने घड्याळ पुढे नेलं की त्या वेळेपर्यंतच्या सगळ्या नोंदी क्रमाने उठवायच्या. मात्र नोंद झाल्याची खात्री करूनच घड्याळ हलवा, नाहीतर टेस्ट कधी पास, कधी नापास होईल.