मदत हवी आहे: जुन्या मियाटाचे शॉक ॲब्सॉर्बर बदलायचेत, कोनी की बिलस्टीन?

नमस्कार मंडळी, मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे 1999 ची माझदा मियाटा आहे, फार जिवापाड जपलेली. वयोमानाने मागच्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल पाझरू लागलंय आणि खड्ड्यातून गेलं की गाडी बराच वेळ डोलत राहते. चारही एकदम बदलणार आहे. पुढे जुने, मागे नवे असं केलं तर वळणावर गाडीचा तोल बिघडेल.

दोन पर्याय समोर आहेत. पिवळे कोनी स्पोर्ट, ज्यांत दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध वरच्या टोकाला फिरवून कमी-जास्त करता येतो. दुसरे बिलस्टीन बी6, एकनळी आणि गॅसच्या दाबाचे, पण कारखान्यातून येतं तेच सेटिंग. बिलस्टीनचेच बी8 आखूड असतात, खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी. मला गाडी खाली करायची नाही, त्यामुळे ते बाद. इथल्या हिवाळ्याने फोडलेल्या रस्त्यांवर आहे तीच उंची बरी.

रोजचा वापर जास्त, उन्हाळ्यात अधूनमधून ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाविरुद्ध गाडी पळवण्याची स्पर्धा). मूळ स्प्रिंग ठेवून कोणी बी6 लावलेत का? लहान खड्ड्यांवर फार कडक वाटतात का? या गाडीत चाकाला वर यायला मुळात जागा कमी, म्हणून बम्प स्टॉपही (शॉक पूर्ण दबला की धक्का झेलणारे मऊ ठोकळे) नवे घ्यायचेत, कोणते घेऊ? आणि हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजलेले खालचे बोल्ट न तोडता कसे सोडवलेत तेही सांगा, मला त्याचीच जास्त धास्ती आहे.