जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन: दोष पेटीचा की तारांचा?

मिडलंड्सवासी (कव्हेंट्री)

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांकडे 1969 सालची ट्रायम्फ टी-120 बोनव्हिल आहे. इंजिन चांगले तापले की ही गाडी खोकत खोकत बंद पडायची आणि थोडा वेळ रस्त्याकडेला उभी ठेवली की काहीच न घडल्यासारखी पुन्हा सुरू व्हायची. कार्ब्युरेटर खोलून झाले, टाकी धुऊन झाली. शेवटी त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेची) पेटी काढून टाकली, मूळचे पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) परत बसवले आणि गाडी सुधारली. त्यावरून त्यांच्या मित्रमंडळींनी असा निष्कर्ष काढला, की जुन्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक्स मानवत नाही.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. पेटी काढताना बॅटरीपासून टायमिंग कव्हरपर्यंतचे सगळे जुने सांधे कापून नवे केले गेले होते. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र पॉइंटला मिळाले. माझे मत असे आहे, की या गाड्यांचे ‘इग्निशन गेले’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ पेटीत नसून पेटीपर्यंत वीज नेणाऱ्या अर्धशतक जुन्या तारांत, स्विचांत आणि बॅटरीत असते.

बॉयर ब्रॅन्सडेनसारख्या जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या पेटीला साधारण 10 व्होल्टपेक्षा कमी वीज मिळू लागली की तिचे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, भरकटते, किक उलटी मारू लागते आणि इंजिन अडखळते. आता या गाडीचा आल्टरनेटर पाहा. लुकास आरएम-21 चांगल्या वेगात सुमारे 10 अँपिअर देतो. पण शहराच्या वाहतुकीत, हेडलाइट लावून, मंद गतीवर तो जितके देतो त्यापेक्षा गाडी जास्त खाते. बॅटरी हळूहळू उतरते, त्यात गंजलेल्या इग्निशन स्विचमध्ये एखादा व्होल्ट आणखी हरवतो, आणि मालकाच्या हाती शेवटी फक्त ‘पेटी खराब’ एवढे निदान उरते.

खरे निदान अवघड नाही. इग्निशन चालू ठेवून, कॉइलमधून (ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या वेटोळ्यातून) प्रवाह वाहत असताना, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे पेटीच्या पांढऱ्या तारेला लावावे. (या गाड्यांत धन टोक अर्थला असते, बॅटरी उलटी जोडली तर पेटी तत्क्षणी जळते, हेही लक्षात असू द्यावे.) अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर पेटीला हात न लावता आधी सांधे तपासावेत. मीटर नसेल तर बॅटरीपासून पांढऱ्या तारेपर्यंत एक स्वतंत्र तार, फ्यूजसह, थेट ओढून गाडी चालवून पाहावी. तेवढ्याने गाडी नीट चालली तर गुन्हेगार स्विच किंवा हार्नेस (तारांचा जुडगा) आहे, हे निर्विवाद ठरते.

सातशेपन्नास

आपले विवेचन गॅरेजमध्ये, चांगल्या उजेडात आणि हाताशी मीटर असताना पटण्यासारखे आहे. माझ्या नॉर्टन कमांडोला काही वर्षे इलेक्ट्रॉनिक किट होते आणि मी ते काढून टाकले. त्याचे कारण ते वारंवार बिघडत होते असे नसून, बिघडल्यावर ते काहीच सांगत नव्हते, हे आहे.

पॉइंट सहसा सावकाश बिघडतात. फायबरची टाच झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते, गाडी ओढेनाशी होते आणि तापू लागते. प्रवाशाला कितीतरी आधी सूचना मिळते. कव्हर उघडले की दोष डोळ्यांना दिसतो, 0.35 ते 0.40 मिलिमीटरची फट फीलर गेजने बसवली, काळे पडलेले टोक घासले, की आपण पुढे निघालो. याउलट राळेत बुजवलेली काळी पेटी उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि गार झाल्यावर मीटरला निरोगी दिसते. तापल्यावर मरणाऱ्या घटकाची तपासणी थंड अवस्थेत कशी करायची, याचे उत्तर आपल्या लेखनात नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. या समांतर ट्विनमध्ये (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनांत) दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होतात. मूळ रचनेत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा घटक) आणि स्वतंत्र कॉइल असते. एक बाजू गेली तर दुसऱ्या सिलिंडरवर रडतखडत का होईना, घर गाठता येते. आपल्या लाडक्या किटमध्ये दोन कॉइल एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि दोन्ही प्लग एकाच वेळी ठिणगी देतात. एका कॉइलचे आतले वेटोळे तुटले की दोन्ही सिलिंडर मेले. कारखान्याने दिलेली सुरक्षितता आपण पैसे मोजून काढून टाकतो, ही यातली गंमत आहे.

बुलेटवाले सातारकर

आमच्याकडे बोनव्हिल आणि कमांडो क्वचितच दिसतात, पण इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डची वंशावळ 1955 पासून मद्रासमध्ये चालू राहिली, त्यामुळे या वादात बोलण्याचा थोडा अधिकार बुलेटवाल्यांनाही असावा.

सातशेपन्नास यांचा ‘काहीच सांगत नाही’ हा मुद्दा आम्हांला अँमीटरवरून चटकन समजतो. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरच्या खोक्यात अँमीटरचा जो छोटा काटा असतो, तो किक हळूहळू दाबताना पॉइंट बंद असतील तर ऋण बाजूला झुकतो आणि पॉइंट उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी झडप) ओढून पिस्टन थोडा पुढे सरकवला, की एका किकेत गाडी सुरू. हा काटा म्हणजे इग्निशनची नाडीच. तो हललाच नाही तर पॉइंट, तार किंवा कॉइल यांपैकी काही गेले आहे, हे पाना न काढता कळते. इलेक्ट्रॉनिक किट बसवल्यावर गाडी स्थिर असताना पेटी कॉइलचा प्रवाह तोडून टाकते आणि ही नाडी लागत नाही.

तरीही मी मिडलंड्सवासी यांच्या बाजूला अर्धा झुकतो, कारण हल्ली मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर पूर्वीच्या दर्जाचे राहिलेले नाहीत. नवा कोरा कंडेन्सर पहिल्याच घाटात दगा देतो, तेव्हा ‘साधे ते टिकाऊ’ हे तत्त्व ऐकायला बरे वाटते, एवढेच.

मिडलंड्सवासी (कव्हेंट्री)

सातशेपन्नास यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तापल्यावर मरणाऱ्या घटकाची तपासणी तो मेलेला असतानाच करायची, म्हणजे गाडी बंद पडल्याक्षणी, गार होण्याची वाट न पाहता. टाकीखाली पिकअपकडून (ठिणगीची वेळ झाल्याचे पेटीला कळवणाऱ्या संवेदकाकडून) येणाऱ्या दोन तारा असतात, काळी-पांढरी आणि काळी-पिवळी. त्या सोडवाव्यात, प्लग काढून कॅपसह सिलिंडर हेडवर टेकवून ठेवावेत, पण पेट्रोलच्या वाफेपासून दूर, आणि इग्निशन चालू करून पेटीच्या बाजूची दोन टोके एकमेकांना टेकवून सोडावीत. प्लगला ठिणगी पडली तर पेटी आणि कॉइल दोन्ही जिवंत आहेत आणि दोष पिकअपमध्ये आहे. ठिणगी नाही पडली तर आधी पांढऱ्या तारेतली वीज तपासावी. प्लगच्या तारा हवेत लोंबकळत ठेवून मात्र ही परीक्षा कधीही करू नये; बाहेर जायला वाट न मिळालेला उच्च दाब पेटीलाच मारतो.

पिकअप प्लेटवर दोष निघाला तर तो बहुधा एकाच ठिकाणी असतो. प्लेटवरच्या कॉइलपासून निघालेली तार जिथे डाग दिलेल्या टोकातून बाहेर पडते, तिथे इंजिनाची थरथर तिला अखंड वाकवत राहते. आतले तांबे तुटते, पण वरचे आवरण शाबूत राहते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्या जागी तार हलक्या हाताने ओढली तर आवरण रबरासारखे ताणले जाते. थंडीत तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली असतात, तापल्यावर ती दूर होतात, आणि आपण पेटीला दोष देत राहतो. दोन तारांमधला रोध थंड असताना सुमारे 130 ओहम भरला, पण तार हलवताच आकडा उड्या मारू लागला, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

एका सिलिंडरवर घर गाठण्याचा मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र त्या ‘स्वतंत्र’ पॉइंटची दुसरी बाजूही सांगायला हवी होती. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विनमध्ये 1968 च्या आधी पॉइंटची जी 4-सीए प्लेट होती, तिच्यात दोन सिलिंडरांचे टायमिंग वेगवेगळे बसवण्याची सोयच नव्हती. एका बाजूचे जमवताना दुसऱ्या बाजूची फट बिघडवावी लागे. टी-120 ला पूर्ण ॲडव्हान्स (पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी ठिणगी किती लवकर पडते ते) 38 अंश लागतो. त्यात एका सिलिंडरला दोन-तीन अंश जास्त मिळाले आणि ॲडव्हान्स युनिटच्या स्प्रिंगा सैल असल्या, तर पिस्टनला भोक पडण्याची तयारी झालीच म्हणून समजा. रस्त्याकडेला दोष न सांगणारी पेटी परवडली. सिलिंडर फुंकणारे पॉइंट नाही परवडत.

मॅग्नेटोनिष्ठ

बॅटरी उतरली, आल्टरनेटर कमी पडला, स्विच गंजला, पांढरी तार, काळी-पिवळी तार! लुकासचा के-2-एफ मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारे यंत्र) नीट गुंडाळून आणि चुंबक भारून घेतला, की यातले काहीही लागत नाही. बॅटरी घरी विसरली तरी गाडी चालते. आपल्या युनिट (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनांना तो बसत नाही, ही आपली अडचण. त्यात मी काही मदत करू शकत नाही.

तारजोड

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत ती सर्रास दिसते. किट बसवणाऱ्यांपैकी अनेकजण माहितीपत्रक वाचत नाहीत. कॉइल एकामागोमाग जोडायच्या असतील तर त्या 6 व्होल्टच्या हव्यात. ट्रायम्फवरच्या मूळच्या 12 व्होल्टच्या दोन कॉइल तशाच मालिकेत जोडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मीच वीज येते आणि ठिणगी फिकी पडते. सातशेपन्नास यांच्या कमांडोवर बहुधा मुळातच 6 व्होल्टच्या कॉइल असतील, पण त्यांच्यासोबत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला मिळणारी वीज कमी करणारा रोध) असतो. किट बसवताना तो काढला नाही, तर पेटीला पहिल्या दिवसापासून उपाशी ठेवल्यासारखे होते. जुने कंडेन्सर जोडलेलेच राहिलेलेही मी पाहिले आहेत.

टायमिंगबाबतही तेच. प्लेट मधोमध ठेवून अंदाजाने स्क्रू आवळले जातात. ही पेटी वेगानुसार हळूहळू ॲडव्हान्स करते, त्यामुळे स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून, इंजिन 4000 आवर्तनांच्या वर नेऊन खूण जुळवल्याशिवाय ते बसवले असे म्हणताच येत नाही. असे अर्धवट बसवलेले किट काढून लोक पॉइंटकडे परततात आणि समाधानी होतात, कारण पॉइंट तरी त्यांना बसवता येतात.

सातशेपन्नास

तारजोड यांची शंका रास्त आहे, म्हणून सांगतो, की बॅलास्ट काढलेला होता, कॉइल 6 व्होल्टच्या होत्या आणि कमांडोची 28 अंशांची खूण स्ट्रोबखाली जुळवलेली होती. वायरिंग निर्दोष असताना हे किट निर्दोष चालते, हे आपण सर्वांनी सिद्ध केले आणि मला ते मान्य आहे. माझा आक्षेप त्याच अटीला आहे. कमांडोसारख्या थरथरणाऱ्या गाडीत वायरिंग कायम निर्दोष राहणार नाही, हे गृहीत धरूनच इग्निशन निवडायला हवे. सदोष वायरिंगवर पॉइंट फिकी पण वेळेवर ठिणगी देतात. ॲनालॉग पेटी जोरदार पण भलत्या वेळी ठिणगी देते आणि घोट्याची वाट लावते. कमी व्होल्टेजवरही तग धरणाऱ्या नव्या डिजिटल पेट्या आल्या आहेत. मिडलंड्सवासी यांनी त्यांची बाजू घेतली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो; पण जुन्या पेटीसाठी सगळी गाडी नव्याने वायर करायला सांगणे म्हणजे मालकाने पेटीची चाकरी करणे आहे, आणि ती मी करणार नाही.

मिडलंड्सवासी (कव्हेंट्री)

सदोष वायरिंगवर आपला हेडलाइट, ब्रेकचा दिवा आणि हॉर्नही चालतात, हे विसरू नये. वायरिंग पेटीसाठी नको, अंधारात मागून येणाऱ्या ट्रकसाठी तरी बदला. ते एकदा बदलले की पेटी कोणती, हा प्रश्न मी आपल्यावर सोडतो.