मदत हवी आहे: भुताचा अनुभव सांगणाऱ्याशी लाइव्ह काय बोलावं?

नागपुरात एका सामुदायिक रेडिओवर मी दर शुक्रवारी रात्री अर्ध्या तासाचा फोन-इन घेते. विषय भूत, चकवा, अंगात येणं. मागच्या आठवड्यात एका काकूंचा फोन आला: "झोपेत छातीवर कोणी बसते, हातच हलत नाही." मी लगेच स्लीप पॅरालिसिस समजावलं, की स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात आणि कधी कधी ते पुन्हा ताब्यात येण्याआधीच जाग येते. पलीकडे शांतता. मग, "म्हणजे मी खोटं बोलतो का जी?" आणि फोन बंद. अजून तो आवाज कानात आहे.

क्लिप फेसबुकवर टाकली तर अर्धे लोक काकूंची टिंगल करत होते, बाकीचे मांत्रिकांचे नंबर देत होते. क्लिप काढली. मानसोपचारतज्ज्ञ बोलावून पाहिले, तर फोनच घटले. लोकांना वाटलं आपल्याला पागल ठरवतात.

जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, म्हणून तोडगे सांगणारे बाबा घेतच नाही. फोन आधी रेकॉर्ड करून मग ऐकवायची सोय नाही, सगळं लाइव्हच जातं. "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

समोरच्याची भीती खरी मानायची, पण भूत खरं मानायचं नाही, तर अशा फोनवर तुमचं पहिलं वाक्य काय असेल?