‘टोटल लॉस’ ठरवताना वाहनमालकाला विचारायला नको का?

चिपळूणवासी:
२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, तेव्हा माझी साडेचार वर्षांची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पॉलिसीत आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ४ लाख रुपये होती आणि वर्कशॉपचा अंदाज ३ लाख ४० हजारांचा आला. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ३ लाखांवर जातो, असे सांगून विमा कंपनीने गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्याजोगी नाही, अशी ठरवली. परंतु हा खर्च पॉलिसीच्या अटींना अधीन राहून मोजायचा असतो आणि त्या अटींप्रमाणे रबर-प्लास्टिकवर ५० टक्के, तर एवढ्या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा (जुनेपणामुळे किमतीत धरलेली घट) कापला जातो. तो कापला की आकडा २ लाख ८० हजारांवर येतो. दुरुस्तीचे पैसे देताना घसारा आठवायचा आणि गाडी मोडीत काढताना विसरायचा, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

निवृत्त सर्व्हेअर:
नुकसान मोजणारा सर्व्हेअर म्हणून सांगतो, तुमचे वाचन चुकीचे नाही, तरीही निर्णय मला योग्य वाटतो. बुडालेल्या गाडीचा पहिला अंदाज कधीच शेवटचा नसतो. वायरिंग, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि एअरबॅगच्या सेन्सरमधला गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो. शिवाय कापलेला ६० हजारांचा घसारा तुमच्याच खिशातून गेला असता. उलट टोटल लॉसमध्ये किरकोळ अनिवार्य वजावट सोडली, तर आयडीव्हीची पूर्ण रक्कम हाती येते. ती कमी वाटत असेल, तर भांडण नूतनीकरणाच्या वेळी करायचे असते. हप्ता वाचावा म्हणून आयडीव्ही खाली आणणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

सांगलीचा वकील:
फायदा कशात आहे हे सर्व्हेअरने मालकाच्या वतीने का ठरवावे? सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटले आहे. मालकाने त्या अहवालाची प्रत मागावी आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ती फेटाळली गेली किंवा महिनाभर उत्तर आले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही (हे मीच सांगतो आहे, याची नोंद घ्यावी). गाडी ठेवायची असल्यास आयडीव्हीतून सांगाड्याची, म्हणजे निकामी गाडीची, किंमत वजा करून उरलेली रक्कम घेण्याचा मार्गही मागून पाहावा. मात्र ती किंमत कुणाच्या बोलीवरून धरली, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

चिपळूणवासी:
सांगाड्याचेच खरे दुखणे आहे. कंपनीने सुचवलेल्या भंगारवाल्याने मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या कोऱ्या सह्या घेतल्या, मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नेली आणि मी पैसे मिळाल्याच्या समाधानात गप्प बसलो.

निवृत्त सर्व्हेअर:
इथे मी तुमच्या बाजूचा आहे. अशा आरसीवरचा चेसिस क्रमांक चोरीच्या गाडीवर ठोकून ती विकण्याचे प्रकार घडतात. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. तुमची नोंदणी रद्द झाली का?

चिपळूणवासी:
आत्ताच परिवहनच्या संकेतस्थळावर पाहिले. गाडी माझ्या नावावर आहे आणि नोंदणी चालू आहे.